सामन मासेमारीची सुरुवात: खानापूरहून ब्रिटिश कोलंबियाला जाणाऱ्या नवशिक्याने काय शिकावे?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी येत्या उन्हाळ्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ॲबट्सफर्ड येथे राहायला जाणार आहे. माझी थोरली बहीण आणि भावोजी तेथे आधीपासून राहतात, परंतु दोघांनाही मासेमारीची आवड नाही. माझे बालपण खानापूर तालुक्यात गेल्यामुळे मलप्रभेत गळ टाकण्याची सवय आहे; मात्र ती बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गांडूळ एवढ्यापुरतीच. काठावर बसायचे, चिलापी किंवा शिंगटा लागेपर्यंत वाट पाहायची, हीच आमची पद्धत.

सामनविषयी वाचायला घेतले तेव्हा सामानाच्या याद्याच अधिक सापडल्या. प्रत्येक यादी वेगळी आणि प्रत्येक वस्तू अत्यावश्यक असल्याचा दावा, त्यामुळे मी अधिकच गोंधळलो. परवाना कसा काढावा, कोणत्या माशापासून सुरुवात करावी आणि निघण्यापूर्वी इथे बेळगाव परिसरात राहून काही सराव करता येईल का, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे, ही विनंती.

चिलिवॅककर (मूळ गाव निपाणी)

जांबोटीकर, आपण उत्तम ठिकाणी जात आहात. चिलिवॅक–वेडर नदी ॲबट्सफर्डपासून मोटारीने साधारण अर्ध्या तासावर आहे, आणि काठावरून सामन धरायला शिकण्यासाठी त्या भागात तिच्याइतकी सोयीची नदी मला तरी दुसरी माहीत नाही. वरच्या अंगाला मत्स्यबीज केंद्र असल्यामुळे तिच्यात माशांची आवक बरी असते आणि काठाने चालायला वाटाही आहेत.

सामानाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवतो. आपल्याला मलप्रभेची सवय आहे, म्हणून दोन्हींतला मूळ फरक आधी लक्षात घ्यावा. चिलापी किंवा मरळ भुकेने आमिषाकडे येतो. सामनचे तसे नाही. तो गोड्या पाण्यात, नदीच्या तळाशी असलेल्या खड्यांच्या थरात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत येतो. नदीत शिरल्यावर त्याचे खाणे जवळजवळ थांबते. गळाला तो तोंड लावतो ते चिडून, किंवा समुद्रातल्या जुन्या सवयीने. त्यामुळे आमिष पाण्यात सोडून त्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मासा जिथे विसावला आहे तिथे, त्याच्या तोंडासमोरून, पाण्याच्या वेगानेच ते गेले पाहिजे. येथे मासेमार बसत नाही, चालत राहतो. काठाचा एखादा टप्पा नीट तपासून झाला की पुढच्या टप्प्याकडे जायचे. हे एकदा मनात पक्के झाले की कोणते सामान कशासाठी हे आपोआप कळू लागते.

आता मासा ओळखण्याविषयी, कारण येथे हा हौसेचा प्रश्न नसून कायद्याचा आहे. या किनाऱ्यावर सामनच्या पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. एकाच नदीत, एकाच दिवशी एक जात ठेवण्यास परवानगी असते आणि दुसरी तत्काळ सोडावी लागते, त्यामुळे हातातला मासा कोणता हे काही क्षणांत सांगता आले पाहिजे. चिनूकच्या खालच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या वरच्या व खालच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके असतात. कोहोच्या दातांच्या मुळाशी हिरडी पांढुरकी असते आणि ठिपके शेपटीच्या केवळ वरच्या पाळीवर असतात. पिंकच्या पाठीवर व शेपटीवर मोठे लंबगोल ठिपके असतात आणि खवले अगदी बारीक असतात. चम आणि सॉकाय यांच्या शेपटीवर तसे ठिपके नसतात. नदीत आलेल्या चमच्या अंगावर जांभळट-हिरवट उभे पट्टे उमटतात, तर सॉकायचे अंग लाल आणि डोके हिरवे होते. समुद्रातून नुकतेच आलेले सगळेच मासे चंदेरी असतात. तेव्हा रंगावर विसंबू नये. हिरडी आणि शेपटी पाहावी.

याशिवाय पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो छोटा मांसल पर असतो, तो मत्स्यबीज केंद्रातील पुष्कळ पिलांचा सोडण्यापूर्वी कापलेला असतो. तो पर नसेल आणि त्या जागी भरलेला व्रण दिसत असेल तर मासा केंद्रातला. पर शाबूत असेल तर तो नैसर्गिक समजावा. वेडर ज्या मोठ्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यात येते, त्या खोऱ्यातील नद्यांमध्ये बहुतेक ठिकाणी नैसर्गिक कोहो सोडून द्यावा लागतो आणि पर कापलेला ठेवता येतो. मासा पाण्यातच असताना त्याची पाठ पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

परवान्याचा मुद्दा नवीन माणसाला फार गोंधळात टाकतो. भरती-ओहोटीच्या पाण्यातील मासेमारीचा परवाना केंद्र सरकारचे मत्स्य व महासागर खाते देते आणि त्यावरील गोड्या पाण्याचा परवाना प्रांत सरकार देते. फ्रेझर नदीवर ही हद्द मिशन येथील रेल्वे पुलाशी आहे. पुलाच्या खालच्या अंगाला एक परवाना, वरच्या अंगाला दुसरा. वेडर गोड्या पाण्यात मोडते, म्हणून आपल्याला प्रांताचा परवाना लागेल. सामन ठेवायचा असेल तर दोन्हीकडे त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. दोन्ही परवान्यांचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते आणि दोन्ही ऑनलाइन निघतात. मोठा चिनूक ठेवला तर त्याची नोंद परवान्यावर जागच्या जागी करावी लागते. घरी जाऊन केलेली नोंद चालत नाही.

प्रांतातील सर्व वाहत्या पाण्यात गळ एकच हवा आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा काढलेला किंवा पकडीने पूर्ण दाबलेला हवा. दाबलेला गळ कापडातून ओढून पाहावा; कापड अडकले तर काटा अजून शिल्लक आहे. तोंडाऐवजी पाठीत, पोटात किंवा शेपटीत गळ रुतलेला मासा ठेवता येत नाही, आणि मुद्दाम तसा गळ ओढणे हा गुन्हा आहे. कोणती नदी, कोणता टप्पा, कोणती जात, किती मासे, हे हंगामात अनेकदा बदलते. म्हणून मासेमारीच्या आदल्या रात्री खात्याच्या संकेतस्थळावरील सूचना वाचल्याखेरीज घराबाहेर पडू नये. मागच्या आठवड्यात चालत होते, हे उत्तर मत्स्य अधिकारी ऐकून घेत नाही, आणि त्याने ते ऐकूही नये असे माझे मत आहे.

कारवारचा दर्यावर्दी

चिलिवॅककरांनी सामानाचा विषय मागे ठेवला आहे, तो मी पुढे आणतो. काळी नदीच्या मुखाशी आम्ही रावस आणि चोणक गळाने धरतो. रावसाला उबदार खाडीचे पाणी मानवते आणि तो अंडी घालायला डोंगरातल्या नदीत चढत नाही, त्यामुळे आमचा सगळा अनुभव सामनला लागू पडेल असे मी म्हणणार नाही. पण मोठा मासा दोरीवर आला की काय होते हे सगळीकडे सारखेच असते. मुलगा सिएटलजवळ राहत असल्यामुळे त्या बाजूच्या नद्यांवरही मी मासेमारी केलेली आहे.

नवशिक्याने दहा फुटांच्या आसपासचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, म्हणजे रीळ लावायची काठी, घ्यावा आणि त्यावर ३००० ते ४००० आकाराचे रीळ लावावे. रॉड लांब असला की दोरी पाण्यापासून उचलून धरता येते. रिळावर १५ पौंडांची साधी नायलॉन दोरी भरावी आणि पुढे १० ते १२ पौंडांचा दीड-दोन फूट लांबीचा लीडर, म्हणजे गळाला जोडणारा दोरीचा वेगळा तुकडा, बांधावा. लीडर मुख्य दोरीपेक्षा कमकुवत ठेवण्याचे कारण असे की, गळ तळाला अडकला तर फक्त लीडर तुटतो. फ्लोट (दोरीवर लावलेला तरंगता बोंडा) आणि शिसे वाचते, शिवाय नदीत दोरीची लांबलचक शेपूट राहत नाही.

गाठीविषयी एक आग्रह धरतो. दोनच गाठी शिका, पण अंधारात आणि थंड बोटांनी बांधता येतील इतक्या शिका. पालोमार आणि क्लिंच एवढ्या पुरतात. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरड्या नायलॉनमध्ये आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि दोरी नेमकी गाठीपाशी दुबळी होते. निरखून पाहिले तर गाठीलगतचा भाग कुरळा आणि पांढुरका दिसतो. तशी गाठ दिसली की कापून पुन्हा बांधावी.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती जोर लागल्यावर सुटावी याची चकती, अंदाजाने लावू नये. घरातला स्प्रिंगचा वजनकाटा दोरीला अडकवून ओढावे आणि दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ती सुटेल असे लावावे. १२ पौंडांच्या लीडरसाठी तीन-चार पौंड पुरे. मासा धावू लागला की ड्रॅग आवळण्याचा मोह होतो, तो टाळावा. रॉड वर धरावा आणि त्याला धावू द्यावे.

चिलिवॅककर (मूळ गाव निपाणी)

दर्यावर्दी काका, ड्रॅग आणि गाठींविषयी आपण लिहिले ते शब्दशः मान्य. दोरीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. फ्लोटखाली आमिष वाहवायचे असेल तर मी नवशिक्यालाही ३० पौंडांची विणलेली दोरी सुचवतो, कारण ती पाण्यावर तरंगते. नायलॉन हळूहळू बुडते, मधला वेगवान प्रवाह तिला पोटासारखा बाक आणतो आणि तो बाक फ्लोटला ओढून नेतो. मग आमिष पाण्याच्या वेगाने न जाता त्याहून वेगात सरकते, आणि सामन त्याला तोंड लावत नाही. तरंगणारी दोरी रॉडच्या टोकाने हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला परत टाकता येते.

फ्लोट कसा वाचावा हेही सांगतो, कारण माझ्या मते सारी विद्या त्यातच आहे. आमिष तळापासून सुमारे फूटभर वर राहील इतकी खोली ठेवायची असते. फ्लोट सरळ उभा राहून पाण्याबरोबर जात असेल तर खोली योग्य आहे. त्याचे वरचे टोक प्रवाहाच्या दिशेला कलले तर शिसे तळाला घासत मागे राहिले आहे. फ्लोट अर्धा वीत खाली सरकवून खोली कमी करावी. खोली वाढवत न्यावी, एकदा तळ लागला की थोडी कमी करावी, आणि नव्या जागी हेच पुन्हा करावे. फ्लोट बुडाला, थबकला किंवा किंचित जरी आडवा सरकला तरी लगेच रॉड उचलावा. सामनचा घास पुष्कळदा इतकाच दिसतो.

जागा निवडताना चालण्याच्या वेगाने वाहणारे, कंबरेपासून डोक्यापर्यंत खोल पाणी शोधावे. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर फेसाची एक रेघ दिसते. चढून थकलेले मासे त्या रेघेच्या संथ बाजूला विसावतात. कोहोला त्याहूनही संथ पाणी आवडते. पडलेले ओंडके आणि आडोसा असलेले कोपरे त्याचे. चिनूक मुख्य धारेच्या खोल भागात राहतो. पोलराइज्ड चष्मा वापरावा, म्हणजे पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो. माझ्या दृष्टीने तो महागड्या रिळापेक्षा अधिक कामाचा आहे.

कारवारचा दर्यावर्दी

विणलेल्या दोरीचे गुण मला ठाऊक आहेत. परंतु ती ताणत नाही, त्यामुळे नवशिक्याच्या हाताचा प्रत्येक धक्का थेट गळापर्यंत पोहोचतो आणि काटा नसलेला गळ निसटतो. शिवाय अडकलेली दोरी हाताने ओढली तर बोट कापते. पहिला हंगाम नायलॉनवर काढावा, या मतावर मी ठाम आहे.

डब्लिनस्थ चिकोडीकर

धागा पॅसिफिक किनाऱ्याविषयी आहे, तरी आपल्या भागातील अनेक मुले आयर्लंड आणि इंग्लंडलाही जात असल्याने थोडे लिहितो. इकडे अटलांटिक सामन ही एकच जात आहे. ती अंडी घातल्यावर मरतेच असे नाही. काही मासे समुद्रात परतून पुन्हा येतात. साठा घटल्यामुळे नियम अधिक कडक आहेत. आयर्लंडमध्ये सामनसाठी सरकारी परवाना लागतो, त्याबरोबर खुणेच्या पट्ट्या व नोंदवही मिळते आणि ठेवलेल्या प्रत्येक माशाला तिथेच पट्टी लावावी लागते. अनेक नद्यांवर मासा सोडण्याच्या अटीवरच परवानगी असते. इंग्लंडमध्ये १६ जूनपूर्वी धरलेला सामन सोडून द्यावा लागतो, वेल्समध्ये तर हंगामभर, आणि स्कॉटलंडमध्ये रविवारी सामनची मासेमारी करताच येत नाही. नदीचे पुष्कळ टप्पे खाजगी मालकीचे किंवा क्लबांकडे असल्याने सरकारी परवान्याखेरीज त्या टप्प्याचीही परवानगी घ्यावी लागते. नवशिक्याला कॅनडात जितकी मोकळीक मिळते तितकी इकडे मिळत नाही, हे येथे येऊ पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

हलशीचा वाचक

मी मासेमारी करीत नाही, परंतु हा धागा काळजीपूर्वक वाचत आहे. खाण्यासाठी मासा धरणे मला समजते. गळ लावून, दमवून पुन्हा पाण्यात सोडणे मात्र मला क्रौर्य वाटते. सोडलेला मासा जगतो का?

चिलिवॅककर (मूळ गाव निपाणी)

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोयीस्कर उत्तर देणार नाही. सोडलेले सगळेच मासे जगत नाहीत. गळ कल्ल्यात रुतला, मासा फार वेळ दमवला गेला किंवा पाणी उबदार असले तर मृत्यूची शक्यता वाढते. म्हणून आपल्या हाती जे आहे ते सर्व करावे लागते: काटा नसलेला गळ, वेळ न दवडता मासा आणता येईल इतकी मजबूत दोरी, ओले हात, गाठी नसलेले रबरी जाळे, आणि मासा पाण्याबाहेर न काढता पकडीने गळ सोडवणे. छायाचित्रासाठी मासा खड्यांवर ओढून आणणे हे मला अक्षम्य वाटते. उन्हाने पाणी तापले असेल तर त्या दिवशी मी जातच नाही.

ज्याला केवळ सोडण्यासाठी मासे धरणे पटत नाही, त्याने जी जात ठेवण्यास परवानगी आहे तिच्याच मागे जावे आणि आपली मर्यादा भरली की रॉड गुंडाळावा. मी स्वतः तसेच करतो. नैसर्गिक कोहो मात्र अधूनमधून लागतोच, आणि तो सोडणे ही कायद्याची आज्ञा आहे.

या संदर्भात आणखी एक गोष्ट नवागताला कळायला हवी. फ्रेझर नदीवर मूळ रहिवासी समाजांची जाळी दिसतात, तेव्हा काही लोक नाराजीने बोलतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या स्पॅरो निकालात असे ठरवले की, मत्स्यसंवर्धनानंतरचा पहिला हक्क या समाजांच्या अन्नासाठी आणि विधींसाठी होणाऱ्या मासेमारीचा आहे. हौशी मासेमाराचा क्रमांक त्यानंतर लागतो. नदी आमच्यासाठी बंद आणि त्यांच्यासाठी खुली असते ती या कारणाने, आणि ते न्याय्य आहे. २०१९ मध्ये बिग बार येथे दरड कोसळून फ्रेझर अडल्याचे उघडकीस आले, तेव्हा वर चढणाऱ्या माशांना मार्गच उरला नव्हता. त्या माशांवर शतकानुशतके जगणाऱ्यांचे नुकसान आमच्या रविवारच्या छंदापेक्षा फार मोठे होते.

शहापूरची सुगरण

चिलिवॅककर भाऊ, मासा घरी आल्यानंतरचे कोणी लिहिलेच नाही. माझ्या जावेने ओरेगनहून सांगितले की, नदीतून आणलेल्या सामनचे तिरफळ-आमसुलाचे कालवण केले तेव्हा तुकडे मऊ पडून विरघळले आणि चवही लागली नाही. बाजारातला सामन मात्र छान होतो. असे का होत असावे? आणि त्याची गाबोळी आपल्यासारखी तळून खाता येते का?

चिलिवॅककर (मूळ गाव निपाणी)

ताई, तो मासा बहुधा नदीत फार दिवस राहिलेला असावा. सामन नदीत खात नाही, त्यामुळे वर चढण्याची ताकद आणि अंडी हे सारे तो साठवलेल्या चरबीतून भागवतो. अंग काळवंडले, नराचे नाक आकड्यासारखे वळले की मांस फिकट आणि मऊ झालेले असते. तसा मासा नियमात बसत असला तरी ठेवू नये, त्याला अंडी घालू द्यावी. चंदेरी, घट्ट अंगाचा मासाच घरी आणावा. कालवणासाठी कोहो आणि चिनूक सरस; पिंकचे मांस नाजूक असल्याने तो रवा लावून तव्यावर करावा; चम येथील लोक धुरावर वाळवतात, आणि तो तसाच चांगला लागतो.

बाकी सगळे काठावरच ठरते. मासा ठेवायचा ठरला की डोक्यावर डोळ्यांच्या किंचित वर जड दांडक्याचा एक नेमका फटका मारून तत्काळ मारावा, कल्ले कापून त्याला पाण्यात धरून रक्त पूर्ण वाहू द्यावे, आतडी काढावी आणि बर्फात ठेवावा. रक्त राहिले की वास राहतो, मग आमसूल कितीही घाला. मात्र जात आणि लांबी ओळखता येणार नाही असे तुकडे काठावर करू नयेत; घरी पोहोचेपर्यंत अधिकाऱ्याला मासा तपासता आला पाहिजे.

गाबोळी तळून उत्तम लागते. परंतु एक धोका सांगतो. येथे गाबोळी आमिष म्हणूनही वापरतात आणि ती टिकावी, लाल दिसावी म्हणून तिला बोरॅक्स, सल्फाइट आणि रंग लावतात. आमिषाची गाबोळी आणि खायची गाबोळी एकाच फ्रीजमध्ये, सारख्या डब्यांत कधीही ठेवू नये. तसेच सामनमध्ये ॲनिसाकिस नावाची बारीक कृमी असू शकते. पूर्ण शिजवले, म्हणजे आतील तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की ती मरते. कच्चा खायचा असेल तर आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरातले सगळे फ्रीज तितके थंड होत नाहीत, म्हणून तापमापक ठेवून खात्री करावी.

जांबोटीकर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. मासे ओळखण्याचा अभ्यास चित्रांवरून आजपासूनच सुरू केला आहे. आता दोन प्रश्न उरतात. इथे राहून सराव कसा करावा? आणि तेथे पोहोचल्यावर सर्वांत आधी कोणत्या माशाच्या मागे जावे?

खानापूर घाट

सरावाविषयी मी लिहितो, कारण तो आपल्या अंगणातला विषय आहे. रॉड-रीळ हाताशी असेल तर बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे, गर्दी नसताना, गळ न लावता केवळ वजन बांधून फेकीचा सराव करावा. वीस-पंचवीस मीटरवर एखादे पोते पसरावे आणि त्यावर वजन पडेपर्यंत फेकत राहावे. डोक्यावरून फेकण्याबरोबरच बाजूने, आडव्या हाताने फेकायलाही शिकावे. नदीकाठी मागे झाडे असली की तीच फेक कामी येते.

फ्लोट वाहवण्याचा सराव मात्र वाहत्या पाण्यातच होतो. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, मलप्रभेचे पाणी निवळते आणि धारही असते. तेव्हा खानापूरच्या खालच्या अंगाला फेसाची ती रेघ आणि तळाला घासणारा फ्लोट या दोन्ही गोष्टी नीट समजून घेता येतात. मासा लागो न लागो, पाणी वाचायला शिकता येते. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जाताना भीमगड अभयारण्याची हद्द पाहावी, तेथे मासेमारीस बंदी आहे. हिडकल किंवा नविलुतीर्थसारख्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. देवस्थानाच्या डोहाला तर हात लावू नये. कृष्णाकाठी आणि दांडेलीला मगरी आहेत. तेथे पाण्यात उतरून उभे राहण्याचा सराव अजिबात करू नये.

चिलिवॅककर (मूळ गाव निपाणी)

खानापूरकरांनी मोलाचे लिहिले आहे. मैदानावरची ती फेक ज्याला जमते, तो येथे पहिल्याच हंगामात शेजारच्या मासेमाराच्या दोरीत गुंतत नाही. वेडरच्या काठावर हंगामात खांद्याला खांदा लागतो, तेव्हा याचे महत्त्व कळते.

पहिला मासा कोणता, हे वर्षावर अवलंबून आहे. पिंकचे आयुष्य दोन वर्षांचे असते आणि फ्रेझर खोऱ्यात तो विषम वर्षीच मोठ्या संख्येने येतो. आपण विषम वर्षी पोहोचलात तर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पिंक धरावा. तो साधारण तीन ते पाच पौंडांचा असतो, काठाजवळून जातो आणि गुलाबी रंगाच्या छोट्या चमच्याला किंवा जिगला (ही दोन्ही कृत्रिम आमिषे) उत्साहाने तोंड लावतो. सम वर्ष असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील चम घ्यावा. तो दहा-पंधरा पौंडांपर्यंत भरतो आणि ओढतोही जोरात, म्हणून ड्रॅगविषयी काकांनी लिहिलेले पुन्हा वाचून जावे. सॉकायवर नवशिक्याने भिस्त ठेवू नये. फ्रेझरमध्ये २००९ साली तो पंधरा लाखांच्या आसपास आला आणि २०१० साली जवळजवळ तीन कोटी. त्याची मासेमारी खुली होईल की नाही हे त्या-त्या वर्षीच ठरते. चिनूकची भव्यता सर्वांना खुणावते, अलास्कातील केनाय नदीत १९८५ साली ९७ पौंडांहून अधिक वजनाचा चिनूक गळाने धरला गेला आहे. पण त्याचे सामान जड, नियम सर्वाधिक कडक आणि अनेक नद्यांत त्याची स्थिती नाजूक. तो दुसऱ्या-तिसऱ्या हंगामासाठी ठेवावा.

शेवटी सुरक्षिततेविषयी. आपल्याकडे जुलैत घाटात पाऊस झाला की मलप्रभा कशी चढते ते आपण पाहिले आहे. वेडरही ऑक्टोबरच्या पावसात तशीच झपाट्याने चढते, फरक इतकाच की पाणी बर्फाचे असते आणि काही मिनिटांत हातपाय आखडतात. पाण्यात उभे राहण्यासाठीच्या जलरोधक विजारी, म्हणजे वेडर्स, घातल्या तर कमरेचा पट्टा आवळलेला असलाच पाहिजे, म्हणजे पडल्यावर आत पाणी भरत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जाण्याची गरज नवशिक्याला नसते, कारण मासे बहुतेक वेळा आपल्या पायांच्याच आसपासच्या पाण्यात असतात. तळावर घासून लख्ख झालेल्या फिकट खड्यांचा उथळ खोलगट पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नये. तेथे अंडी पुरलेली असतात. पहाटे झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत जावे, कारण अस्वलेही त्याच माशांसाठी येतात.

नदीची पातळी वॉटर सर्व्हे ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावर वेडर क्रॉसिंगच्या नोंदीत दिसते. पाणी चढून पुन्हा उतरू लागले आणि दोन-तीन फुटांपर्यंत तळ दिसू लागला की तो दिवस निवडावा. भारतातून रॉड आणू नका. विमानात त्याची लांबी अडचणीची ठरते आणि येथे हंगामापूर्वी सवलतीत चांगली जोडी मिळते. पकड, कात्री आणि वजनकाटा मात्र घरून आणावा. पोहोचल्यावर याच धाग्यावर कळवा. शनिवारी मी बहुधा नदीवरच असतो. पहिल्या दिवशी माझा जास्तीचा रॉड वापरा, आणि दोरी कोणती घ्यायची ते दोन्ही हाताळून आपणच ठरवा.